चौथी डबी

फाल्गुन महिना नुकताच लागला होता आणि फुलसिंगच्या दीड एकरातील हळद भुईतून वर येण्याची वाट पाहत होती. पाने वाळून मातीस टेकली की गड्डा पिकला, हा जाणत्यांचा नियम. त्यानंतर काढणीस विलंब करणे म्हणजे पिकलेल्या गड्ड्यास पुन्हा कोंभ धरू देणे, आणि वरच्या आभाळाचा तर या दिवसांत यत्किंचितही भरवसा नाही. म्हणून फुलसावंगीपासून दोन कोसांवरच्या त्या तांड्यातील हे घर सूर्य उगवण्यापूर्वीच वावरात उतरत असे. फुलसिंग कुदळीने वाफा उकरी, मुलगा बादल माती झटकून ढीग रची, आणि फुलसिंगची बायको जमनी, सून ममता व रोजाने आलेल्या चार बाया गड्ड्यांपासून हळकुंडांची बोटे मोडून वेगळी करीत.

हळद मोडण्यात जमनीचा हात धरील अशी बाई पंचक्रोशीत नव्हती. पंचावन्न वर्षांची ही बाई जुन्या वळणाची होती. दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या, बलिया, तिने लग्नात घातल्या त्या पुन्हा उतरविल्या नव्हत्या. गड्डा तिच्या हाती आला की कट् कट् असा नाद होई आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बोटे एकीकडे व गड्डा दुसरीकडे पडे. परंतु यंदा तो नाद मंदावला होता. त्या दिवशी तर दुपारची भाकर होण्यापूर्वीच ती उठली, दोन्ही हात छातीखाली दाबून वावराच्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन बसली आणि गुडघ्यांत मान घातली.

“बसली काय वं जमनी?” चंदाबाईने मान वर न करताच विचारले. ही शेजारच्या घरची, तोंडाने तिखट आणि हाताने चपळ.

“कळ आली वं. घडीभर बसतो.”

“कळ तर आमाले बी येते बाप्पा. पन आमाले कोनी कागद नाई देल्ला, का हिले काईच नाई म्हनून.”

बाया हसल्या. ममताने हसू दाबले नाही आणि ती मोठ्याने हसलीही नाही; ती केवळ अधिक जोराने गड्डे मोडू लागली. फुलसिंगने सर्व काही ऐकले. त्याची कुदळ एका गड्ड्यावर अशी बसली की त्याचे उभे दोन तुकडे झाले. ज्या माणसाने तीस वर्षांत एक गड्डा कापला नव्हता, त्याच्या मनाची अवस्था त्यावरून ओळखावी.

दिवाळीपासून हे सुरू होते. प्रथम तळपायांना खाज सुटली. हळदीच्या ओल्या वाफ्यांत अनवाणी उभे राहणाऱ्यास खाजेचे नवल ते काय! मग मांडीवर एक तांबडी रेघ उठली. सकाळी जिथे होती तिथून ती संध्याकाळी वीतभर पुढे सरकलेली असे, जणू कातडीखालून कुणी दोरा ओढीत आहे. त्यानंतर पोट बिघडले. आठ दिवस धरून राही, आठ दिवस वाहून जाई. खाल्लेले अंगी लागेना, लुगड्याचा कासोटा दोनदा आवळावा लागे, आणि माघ महिन्यात कोरडा खोकला जडला. फुलसावंगीच्या डॉक्टरने जंतांचा संशय घेतला व संडासाच्या आणि रक्ताच्या तपासणीसाठी पाठविले. बसथांब्याजवळच्या छोट्या प्रयोगशाळेत तपासणी करणारी नाहिद ही जलाल मिस्त्रीची मुलगी. जलालभाई म्हणजे हळद शिजविण्याचे लोखंडी पिंप दरवर्षी डाग देऊन सांधून देणारा, फुलसिंगचा जुना स्नेही. नाहिदने एक पांढरी, निळ्या झाकणाची डबी जमनीच्या हाती ठेवली होती.

“सकाळचा थोडासा, मावशी. सुपारीएवढा बस झाला.”

तीनदा डबी गेली. तिन्ही वेळा कागद आला, आणि त्यावर जंत, अंडी वा अळी आढळली नाही असे लिहिले होते.

आता जे केवळ जमनीलाच ठाऊक होते ते सांगणे प्राप्त आहे.

तांड्यातील बाया पहाटे नाल्याकडे जातात. त्या वाटेचा एक कायदा आहे. तिथे कुणी कुणास ओळख देत नाही. सख्खी बहीण समोरून आली तरी नजर भुईवर ठेवून जायचे, आणि परत आल्यावर विहिरीवर जणू आताच भेटलो असे बोलायचे. ज्या गोष्टीकडे पाहायचेसुद्धा नाही, ती डबीत भरून नवऱ्याच्या खिशात द्यायची! फुलसिंग ती छातीशी घेऊन मोटारसायकलीवर बसणार, वाटेत चार माणसे त्यास रामराम घालणार, आणि ज्या जलालभाईस ती गेली वीस वर्षे चहा देत आली त्याची लेक झाकण उघडून भिंगाखाली पाहणार! जमनीस या विचारानेच कानशिलांत आग उठे.

पण अंगणात दोन वर्षांची नात होती, रुपी. तिचे रोज सकाळी जमनीच काढी. लेकराचे काय घाण असते? लेकराचे आणि वासराचे सारखेच, असे तांडा मानतो. पहिल्या सकाळी जमनी डबी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली, आणि मग रुपीचे भरले. एकदा केले ते पुढे सोपे झाले. रुपीला अंगणवाडीत नुकतीच जंतांची गोळी मिळाली होती. तिच्या पोटात शोधूनही काही सापडले नसते.

अशा रीतीने जमनीने आपली लाज राखली आणि त्याच हाताने आपला खरेपणा घालविला. आता ती खोकली तर ढोंग, बसली तर कामचोरी. तीन कागद तिच्या विरुद्ध साक्ष देत होते आणि तिन्ही तिनेच लिहवून घेतले होते.

काढणी संपली आणि शिजवणी लागली. नाल्याकाठी जलालभाईने पिंप बसवून दिले. खाली लाकडे धडधडू लागली, वाफेचा पिवळा, उग्र वास वावरभर पसरला. दुसऱ्या घाण्याच्या वेळी पाटी उचलताना जमनीचा श्वास असा कोंडला की ती खाली बसली नाही, पडलीच. ओठ काळे, गळ्यातून शीळ घातल्यासारखा आवाज. बादलने तिला मोटारसायकलीवर घेतले, ममता मागे धरून बसली, आणि तिघे तालुक्याच्या गावी पोहोचले.

तेथील डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. त्यांनी छाती ऐकली, पोट चाचपले आणि मांडीवरची तांबडी रेघ निरखून पाहिली. नाहिदने बोट टोचून केलेल्या रक्ततपासणीचा कागदही पाहिला. त्यावर एका आकड्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढलेले होते, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की या पेशी फार वाढल्या आहेत, संडास तीनदा स्वच्छ येऊनही मला शंका वाटते.

“हे कोणी लिहिलं?”

“आमच्या गावची पोरगी हाय, नाहिद,” बादल म्हणाला.

“हुशार आहे. हे बघा, दमा समजून मी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ शकते. उद्याच उभ्या राहतील. पण पोटात एक बारीक अळी असते, ओल्या मातीतून पायात शिरते. ती असेल आणि या गोळ्या पोटात गेल्या, तर अंगाचा पहारा उठतो. मग ती अळी वाढत वाढत फुप्फुसात जाते. माणूस जातो.” त्यांनी एक एक शब्द सुटा उच्चारला. “आधी रक्तातली प्रतिपिंडं तपासू. नागपूरला पाठवावं लागेल, आठ दिवस लागतील. तोवर हा फवारा ओढायचा. या गोळ्या नाही म्हणजे नाही.”

बाहेर आल्यावर बादल म्हणाला, “तीन डाव तर पाह्यलं. कुठं हाय अळी?”

“माणूस जातो” हे दोन शब्द जमनीच्या कानात फुलसावंगीपर्यंत वाजत राहिले.

रक्त नाहिदनेच घेतले. दंडास रबरी पट्टी बांधण्यासाठी तिने पाहिले तो कोपरापासून वर बलियाच बलिया. जमनीने झटकन हात मागे ओढला.

“हे नाई उतरत, बाई. मानूस गेल्यावरच उतरतात.”

“कोन म्हनते उतरवा म्हनून? मी मनगटाजवळून घेतो. फक्त मूठ आवळा, मावशी. हां, बस.”

सुई गेली. गडद लाल रक्त नळीत चढू लागले. जमनी त्याकडे टक लावून पाहत होती.

“यात अळी दिसते काय?”

“अळी नाई. अळीची ओळख. आता असं पाहा, तुमच्या तांड्यातले कुत्रे रोजच्या मानसाले भुकतात का? नाई. पन एक डाव लांडगा आला, का त्याचा वास त्यायच्या डोक्यात बसते. मंग लांडगा झुडपात दडला, दिसला नाई, तरी कुत्रे भुकतात. तुमचं रक्त तसंच हाय. अळी घुसली असन, तर रक्त भुकते. आमी थे भुकनं ऐकतो.”

“ऐकू कसं येते?”

“रंगावरून. एक प्लेट राह्यते, तिले बारके बारके खळगे. तिच्यात रक्तातलं पानी टाकाचं, वरून औषध. ओळख पटली का पिवळं होते. बिल्कुल तुमच्या हळदीसारखं पिवळं.”

जमनी विचारात पडली. “हळदीले चुना लागला का लाल होते, तसं?”

“अरे वा! मले शिकवताना कोनी असं सोपं नाई सांगतलं.”

नाहिद हसली, पण जमनीस हसू आले नाही. चुना किती का पांढरा असेना, पिठात लपवा की मिठात लपवा, हळदीचे पाणी लागले की तो लाल होऊन बोलतो, हे तिला कुंकवापासून ओवाळणीच्या ताटापर्यंत जन्मभर ठाऊक होते. तिने आपल्या मनगटावरचा कापूस पाहिला. डबी बदलता आली. हात कसा बदलणार?

“मावशी,” नाहिद नळीवर नाव लिहिता लिहिता हळूच म्हणाली, “तीन डाव मले काई दिसलं नाई. लॅबचे मालक म्हनले, तुले भिंगातलं समजत नाई. खरं सांगा, मी चुकली असन का?”

जमनीचे ओठ हलले. बाहेर बादलने मोटारसायकल सुरू केली. ती उठून निघून गेली.

पुढील आठ दिवस कामाने भरगच्च होते. शिजलेली हळद ताडपत्र्यांवर पसरली जात होती, दिवसातून दोनदा हातांनी हलविली जात होती. फवाऱ्याने जमनीचा श्वास थोडा मोकळा झाला, परंतु अंगात त्राण नव्हते. ती रुपीला मांडीवर घेऊन सावलीत बसे आणि सर्व जण तिला टाळून पलीकडे पाहत. सहाव्या दिवशी दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळेभोर झाले. चाळीस पाट्या हळद उघड्यावर, दोन घाणे अद्याप शिजावयाचे, आणि रोजाच्या बाया दुसऱ्याच्या वावरात गेलेल्या. तेवढी चंदाबाई पाटी परत न्यावयास आली होती. तिनेही पदर खोचला.

त्याच वेळी बादल तांड्यातून धावत आला. त्याने गोळ्यांची चंदेरी पट्टी आईपुढे धरली.

“याडी, घे. दोन खा. धावजीबाकडून आनल्या. डाक्टरीणबाईनं नाव घेतलं होतं ना, थ्याच. धावजीबा गुडघ्यासाठी खाते, दोन गोळ्यांत म्हातारा चिंचेवर चढला!”

“तिनं नाई म्हटलं होतं.”

“अळी असन तर नाई म्हटलं. अळी नाईच ना! तीन कागद हायेत घरात!”

फुलसिंग पिंपाखालची लाकडे मागे ओढीत होता. तो सरळ उभा राहिला. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते.

“खाऊन घे, बादलची याडी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मले तुह्या आजाराचा वीट नाई आला. पन हे वर्साचं पीक हाय, अन् हात कमी पडून राह्यले. तू उभी राह्यली तर अर्धं काम होते. एवढं ऐक.”

तीस वर्षांत त्याने तिच्याकडे असे काही मागितले नव्हते. जमनीने दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. हळदीने पिवळ्या पडलेल्या त्या तळव्यावर त्या तांदळाच्या दाण्यांसारख्या निरागस दिसत होत्या. ममताने पाण्याचा तांब्या पुढे केला. गिळाव्यात, उभे राहावे, घमेले उचलावे, चंदाबाईचे तोंड बंद करावे! किती सोपे होते! सर्वांना वाटत होते की धोका नाही, कारण कागद तसे सांगत होते. कागद खोटे आहेत हे साऱ्या जगात एकाच माणसास माहीत होते, आणि गोळ्या त्याच्याच हातावर होत्या.

लाज राखावी तर जीव जातो. जीव राखावा तर लाज. आणि मांडीवर रुपी बसून तिच्या बलिया वाजवीत होती.

जमनीने तळहात उपडा केला. गोळ्या मातीत पडल्या.

“थे माह्यं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय तुह्यं नव्हतं?”

“डबीतलं.” तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला नाही, कधी नव्हे ते तो मागेच राहू दिला. “रुपीचं होतं. तिन्ही डाव. मले लाज वाटली, म्हनून मी पोरीचं भरलं.”

चंदाबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. बादल एकदा आईकडे आणि एकदा मुलीकडे पाहू लागला. सर्वांत शेवटी फुलसिंगचे तोंड उघडले.

“म्हनजे मी,” तो सावकाश म्हणाला, “तीन डाव, माह्या नातीचं, या खिशात घालून, फुलसावंगीले घेऊन गेलतो?”

“हो.”

“अन् जलालभाईच्या दुकानात चहा पेलो त्याच खिशावर हात ठेवून?”

ममताच्या तोंडून फस्सकन हसू फुटले. तिने पदर तोंडात कोंबला, परंतु ते आता आवरणारे नव्हते. बादल हसला. फुलसिंगने डोळे पुसले. ते धुराचे होते की कशाचे हे सांगता येणार नाही. मग तो पुढे झाला, मातीतल्या गोळ्या त्याने टाचेने खोल दाबल्या आणि ओरडला, “पाहून काय राह्यले? ताडपत्र्या ओढा! बादलची याडी, तू उठू नको. तू या कोपऱ्यावर बस, हालू नको. वारा आला तर तूच दगड.”

जमनी ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसली. वारा आला, धुळीने डोळे भरले, ताडपत्री फडफडून तिच्या अंगावर येऊ लागली. कृश झालेल्या त्या देहाचे वजन ते किती! पण तिने दोन्ही मुठींनी कड धरून ठेवली. टपोरे दहावीस थेंब पडले, मातीत खळगे उठले, आणि ढग पैनगंगेच्या अंगाने उतरून गेले. हळद वाचली. चंदाबाई जाताना थबकली, काही बोलेल असे वाटले, परंतु बोलली नाही. तिच्यासारख्या बाईचे न बोलणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

नवव्या दिवशी नाहिदने जलालभाईच्या फोनवरून निरोप दिला. या वेळी फुलसिंग स्वतः जमनीला घेऊन गेला. प्रयोगशाळेत नाहिदने कागद पुढे ठेवला.

“पॉझिटिव्ह आलं, मावशी. रक्त भुकलं. चांगलं मोठ्यानं भुकलं.” पण तिचा चेहरा पडलेलाच होता. “म्हनजे मीच चुकली. अळी होती अन् मले तीन डाव दिसली नाई.”

“तू नाई चुकली, पोरी.” जमनी फुलसिंगच्या पुढे सरकली. “तुह्या डोळ्याले जे नव्हतं थे कसं दिसन? थे माह्यं नव्हतंच.”

आणि तिने दुसऱ्यांदा सर्व सांगितले. पहिल्या वेळेपेक्षा ते सोपे गेले. नाहिद प्रथम गंभीरपणे ऐकत होती. मग तिने दोन्ही हातांनी कपाळ धरले.

“या अल्ला! अन् मी रोज घरी जाऊन अब्बाले म्हनतो, माहा चष्म्याचा नंबर वाढला!” ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. “मावशी, दोन वर्साच्या पोरीचा रिपोर्ट एकदम बरोबर होता म्हनजे. लिहून ठेवतो, रुपी एकदम तंदुरुस्त.”

“आता गोळ्या भेटतीन ना?” जमनीने विचारले.

“डाक्टरीणबाई देतीन. त्यायचा फोन झाला. ह्या गोळ्या येगळ्या, अळीच्याच. पन एक गोष्ट हाय.” नाहिदने खण उघडला. “लांडगा निघून गेला तरी कुत्रे काही दिवस भुकतच राह्यतात. रक्त सांगते का अळी आली होती. आज हाय का, थे नाई सांगत. अन् औषधानं मेली का नाई, हे समजाले आधी तिले पाह्यलेलं बरं. म्हनून...” तिने खणातून डबी काढली. पांढरी, निळ्या झाकणाची. ती पुढे करताना या वेळी नाहिदच लाजली.

जमनीने डबी घेतली. पदराखाली लपविली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नाल्याकडे गेली. उजाडता उजाडता परत आली तेव्हा तिच्या उजव्या हातात डबी होती. वाटेवर बाया येत होत्या. नजरा भुईवर, पाय झपझप. कायद्याप्रमाणे कुणी कुणास ओळखत नव्हते. जमनीने मान खाली घातली नाही. छाती धडधडत होती, दम लागत होता, पण ती त्या वाटेने अशी चालली जशी लग्नात हळदीची वाटी घेऊन चालतात. घरी फुलसिंग मोटारसायकल पुसत उभा होता. त्याने नेहमीप्रमाणे हात पुढे करून सदऱ्याचा खिसा उघडला.

“नाई,” ती म्हणाली. “मी येतो संगं. माह्यं मीच देतो.”

दीड तासाने नाहिदने तिला आत बोलाविले. “या, मावशी. डोळा इथं लावा. दुसरा मिटा.”

प्रथम जमनीस केवळ उजेड दिसला, दुधासारखा. मग काही कण, काही चोथा. आणि त्या चोथ्यामधून एक बारीक, पाण्यासारखा नितळ दोरा वळवळत निघाला, थांबला, पुन्हा वळवळला. पाच महिने जो तिच्या मांडीतून, आतड्यातून, श्वासातून फिरला, ज्याच्यासाठी ती खोटी ठरली आणि खरीही ठरली, तो इतकासा होता!

“हाच काय?”

“हाच. स्ट्रॉंगिलॉइडिस म्हनतात.”

“नावच तेवढं मोठं हाय मेल्याचं,” जमनी म्हणाली. ती डोळा काढीना. “हळदीच्या कोंभाएवढा बी नाई.”

डॉक्टरीणबाईंनी औषध दिले. काही दिवसांनी पुन्हा डबी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त, कारण रक्ताचे भुंकणे हळूहळूच निवते. फुलसिंगने फुलसावंगीच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. जमनी ते घालून अंगणात चालली तेव्हा रुपी घाबरून रडू लागली आणि ममताने सासूचा फोटो काढला. चैत्र उजाडेपर्यंत मांडीवरची रेघ मिटली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हळद वाळून खणखणू लागली, आणि राहिलेली हळकुंडे मोडून निवडताना वावरात पुन्हा कट् कट् असा नाद उमटला; मंद, पण तोच.

त्याच दुपारी चंदाबाई तिच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती हळकुंडे उगाच या हातातून त्या हातात घेत राहिली. मग तिने इकडेतिकडे पाहिले आणि लुगडे घोट्यापासून थोडे वर उचलले. पोटरीवर एक तांबडी, नागमोडी रेघ होती.

“सकाळी इथं होती,” ती कुजबुजली. “आता इथं आली.”

जमनीने रेघेवर बोट ठेवले. तिच्या जिभेवर अनेक गोष्टी आल्या. वावरातल्या, धुऱ्यावरच्या, कागदाच्या. त्या तिने तशाच गिळल्या.

“पोटात कळ येते काय?”

“येते वं. मी सांगतलं नाई कोनाले.” चंदाबाईचा आवाज आणखी उतरला. “तू उद्या जाशीन ना फुलसावंगीले? थे... एक डबी मले मांगशीन काय?”

“मांगतो,” जमनी म्हणाली. “पन आयक, चंदा. नातवाचं नोको भरजो.”